वाद घालायचाय? आधी मधलं वाक्य शोधा

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांसाठी मुलं तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली, वर सोसायटीच्या मीटिंगा आहेतच, त्यामुळे 'आत्मविश्वासाने बोला, नजरेला नजर द्या' असला सल्ला ऐकला की आता डोकं उठतं. आत्मविश्वासाने चुकीचं बोलणारे काय कमी आहेत का? तर योग्य-अयोग्याच्या प्रश्नावर वाद कसा घालायचा ते सांगतो, उदाहरण आमच्याच बिल्डिंगमधलं घेतो. घरकामाला येणाऱ्या मावश्यांनी मेन लिफ्ट वापरायची नाही असा ठराव आला होता.

पायरी १: तुमचं म्हणणं एका वाक्यात लिहा. बसत नसेल तर तुमचं अजून ठरलेलं नाही, मीटिंगला जाऊच नका.

पायरी २: समोरच्याचं कारण लिहा, त्याच्याच शब्दांत. इथे ते होतं, 'मेंटेनन्स आम्ही भरतो.'

पायरी ३: खरी मेख इथे आहे आणि मी इथेच कित्येकदा तोंडावर आपटलोय. पहिल्या मीटिंगला मी लिफ्टच्या लाइट बिलाचा हिशोब घेऊन गेलो, मावश्यांच्या फेऱ्यांनी कसा काही फरक पडत नाही हे पंधरा मिनिटं समजावलं, आणि सेक्रेटरी काका म्हणाले, "बरं बाबा, नसेल पडत, पण मेंटेनन्स आम्हीच भरतो ना?" संपलं. माझा कागद हातातच राहिला.

चूक काय झाली? 'आम्ही भरतो' हे 'आहे'चं वाक्य आहे आणि 'त्यांनी वापरू नये' हे 'नये'चं. 'आहे'वरून थेट 'नये'वर उडी मारता येत नाही, डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० मध्येच हे बोट ठेवून दाखवलंय. मधे एक वाक्य असतं जे कुणी बोलत नाही. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, तर ते बोलावंच लागतं: डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, पण पुढे 'जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात' हे उदाहरणासकट सांगितल्याशिवाय अनुमान पुरं होत नाही. काकांचं न बोललेलं वाक्य होतं, 'जो पैसे भरतो त्यानेच वापरावं.' ते बाहेर काढा, मोठ्याने म्हणा, आणि विचारा, "असंच ना काका?" 'हो' आलं की मग उदाहरणं टाका. तुमचे पाहुणे? ते कुठे भरतात? आणि ज्यांची थकबाकी नोटीस बोर्डावर लागलीये त्या मेंबरांना उद्यापासून जिन्याने पाठवायचं का? दुसऱ्या मीटिंगला हे विचारलं तर मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली, आणि वाक्य पडलं, कारण ते काकांनाच मान्य नव्हतं.

इथे एक सांभाळा. मधलं वाक्य शोधताना सगळ्यात घाणेरडं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालू नका. मी एकदा तापून "म्हणजे तुम्ही शिवाशिव मानता" असं म्हणून बसलो. मनात काय होतं देव जाणे, पण तो माणूस दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही आणि मुद्दा तिथेच मेला. जे सगळ्यात सभ्य वाक्य घेऊन त्याचं म्हणणं उभं राहतं तेच घ्यायचं, आणि ते पाडता येत नसेल तर कदाचित त्याचंच बरोबर आहे.

जुनं उदाहरण हवं तर १८९१ चा संमतीवयाचा कायदा बघा, शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं किमान वय दहावरून बारा झालं तो. लहान मुलींना त्रास होतो हे कितीही तळमळीने सांगितलं तरी टिळकांचा मुख्य मुद्दा तसाच उभा राहतो, कारण त्यांचं मधलं वाक्य वेगळंच होतं: परक्या सरकारने कायद्याने समाजसुधारणा लादू नये. त्याला भिडायचं तर १८२९ च्या सतीबंदीचं काय, हे विचारावं लागतं.

पायरी ४: हीच सुरी स्वतःवर चालवा. माझं मधलं वाक्य आधी होतं 'सगळी माणसं सारखी', म्हणजे मग रस्त्यावरच्या कुणीही येऊन आमची लिफ्ट वापरावी का? टिकलं नाही. मग केलं, 'ज्याला आपण कामाला बोलावतो त्याला वर यायची सोय आपण द्यावी.' यात कुरियरवाला पण येतो, आणि कपाट चढवणाऱ्याला नाही म्हणता येतं ते वजनामुळे, माणसामुळे नाही.

पायरी ५: समोरचा स्वतःचं काहीच न मांडता फक्त तुमचं खोडत असेल तर त्याला वितंडा म्हणतात. त्याचं एक वाक्य मागा, नाही दिलं तर चहा घ्या.

आमचा ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला, ती कोरम नाही म्हणून तहकूब झाली, आणि मावश्या मेन लिफ्टनेच येतायत.