अव्होकाडो ड्रिंकमध्ये घालताय? आधी या चुका टाळा

हल्ली पुण्यात शनिवारी कुणाच्याही घरी जा, कुणीतरी अव्होकाडो मार्गारिटाचा (टकिला या मेक्सिकन दारूचं लिंबू घातलेलं कॉकटेल) घाट घातलेला असतोच आणि दहातल्या आठ जणांचं फळ कच्चं असतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

कोथरूडच्या एका मित्राने पार्टीच्या दिवशीच मंडईतून चांगले टणक अव्होकाडो आणले, कुठलातरी व्हिडिओ बघून मायक्रोवेव्हमध्ये फिरवले, ते मऊ झाले पण पिकले थोडेच, आणि अव्होकाडो तापवला की कडू होतो हे त्याच्या गावीच नव्हतं. मग कडवटपणा मारायला साखर, साखर जास्त झाली म्हणून अजून टकिला, असं करत करत चांगली अर्धी बाटली बेसिनमध्ये गेली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, कोकम सरबत आहे, देऊ का?"

तर फळ तीन-चार दिवस आधी आणा. मी कागदात केळ्याबरोबर गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसतो. कच्चं असताना फ्रिजमध्ये ठेवलंत तर पिकायचं जवळजवळ थांबतं. 'हास' नावाची अव्होकाडोची जात पिकली की काळपट होते, पण दक्षिणेतून येणारे बरेचसे मोठे हिरवे पिकले तरी हिरवेच राहतात, म्हणून रंगावर जाऊ नका, देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघा. या हिरव्यांमध्ये पाणी जास्त आणि तेल कमी असतं, त्यामुळे बर्फ हात राखून घाला.

दुसरं, लिंबात कंजुषी. अव्होकाडोत तेल भरपूर, ते आंबट-गोड सगळ्या चवी दाबून टाकतं, म्हणून नेहमीच्या मापाने केलेलं ड्रिंक मिळमिळीत लागतं. माझं माप असं: 60 एमएल टकिला किंवा व्हाइट रम, 30 एमएल ताजा लिंबाचा रस, 20 एमएल साखरेचा पाक, पाव फळ आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका. अंदाजपंचे ओतणाऱ्यांनी निदान पेग मेजर, म्हणजे दारू मोजायचं छोटं माप, तरी घ्या, शंभर-दीडशेत मिळतो. आणि फळ कापलं की लगेच लिंबू, नाहीतर गर काळा पडतो. बी तशीच ठेवली की हिरवा राहतो म्हणतात, पण राहतो तो फक्त बीखालचा भाग.

शेकरमध्ये (कॉकटेल हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) फोडी टाकून हलवू नका, गुठळ्याच राहतात, मिक्सरच लागतो. पण चटणीचं भांडं नको! लसणाचा वास त्या गराला असा चिकटतो की विचारू नका.

सोडा मिक्सरमध्ये कधीच नाही, झाकण उडेल. ग्लासात वरून घाला.

क्रीम, कंडेन्स्ड मिल्क कशाला घालता, फळ स्वतःच क्रीम आहे की. आणि स्मोकी व्हिस्कीत तर घालूच नका, दोन्ही वाया.

उरलेला गर उद्याच्या ड्रिंकसाठी ठेवू नका, मीठ-मिरची-कांदा घालून सकाळी पोळीबरोबर संपवा.