पाखरांमागचा कुत्रा घरात आणायचा, तर जात कशी निवडावी

आमच्या घरातली पहिली लॅब्रॅडॉर म्हणजे जिनी. एका पावसाळ्यात ती अंगणातून तोंड घट्ट मिटून आत आली आणि आईच्या पायाशी काहीतरी अलगद ठेवलं. बुलबुलाचं पिल्लू होतं. लाळेने चिंब भिजलेलं, पण जिवंत, आणि अंगावर दाताचा ओरखडासुद्धा नाही. आम्ही ते टोपलीत घालून जाईच्या वेलावर टांगलं, आणि तासाभरात त्याचे आईबाप चोचीत अळ्या घेऊन तिथे आले.

आईला वाटलं, कुत्रीला दया आली. खरं कारण मात्र जुनं आहे. पडलेला पक्षी शाबूत मालकाच्या हाती यावा, म्हणून मऊ तोंडाचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडत निवडत ही जात घडवली गेली. आपल्याकडे सोसायट्यांमध्ये दिसणारे लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनिएल हे सगळे मुळात पाखरांच्या शिकारीचे कुत्रे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, त्यामुळे भारतात रानपाखरांच्या शिकारीसाठी कुत्रा पाळण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ते चांगलंच झालं. काम सुटलं, तरी ते रक्तातून जात नाही. म्हणून माझं सांगणं असं, की फोटो बघून जात ठरवू नका. ती जात कोणत्या कामासाठी घडवली हे आधी समजून घ्या आणि ते काम तुमच्या घराला झेपेल का, ते तपासा.

पायरी १ : कामावरून कुळ ओळखा

रिट्रीव्हर कुळातला कुत्रा मालकाशेजारी तासन्‌तास गप्प बसायचा आणि बार झाल्यावर पाण्यातून, चिखलातून पक्षी उचलून आणायचा. वाट बघणं आणि आणून देणं हे त्याचं काम. घरात हाच गुण चपला, मोजे, टॉवेल आणून देण्यात दिसतो. माणसाच्या तोंडाकडे बघत बसायची सवयही तिथूनच आली, आणि घरात मुलं असतील तर या कुळाची निवड सहसा चुकत नाही.

स्पॅनिएल झुडपात घुसून पक्षी उठवतात. बंदुकीच्या टप्प्याच्या आतच शोधायचं असल्याने ते मालकापासून फार लांब जात नाहीत, मात्र नाक सतत जमिनीला आणि शेपूट सतत हलती. घरातही ते पायात पायात करतात.

पॉइंटर आणि सेटर यांचं काम निराळं. मोकळ्या माळावर मैलोन्‌मैल धावत वास घ्यायचा आणि पक्षी सापडला की जागच्या जागी थिजायचं. पॉइंटर एक पाय उचलून नाक रोखून उभा राहतो. सेटर दबकून बसतो, कारण बंदुका सर्रास होण्याआधी त्याच्या डोक्यावरून पक्ष्यांवर जाळं टाकत असत. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, व्हिजला, वायमारानर हे शोधणं, थिजणं, आणून देणं अशी सगळी कामं एकट्याने करणारे कुत्रे. आणि एकच कुत्रा तीन कुत्र्यांचं काम करणारा असेल, तर त्याला व्यायामही तेवढाच लागतो.

बीगल या यादीत बसत नाही. तो सशामागे वासावर भुंकत जाणारा कुत्रा. आपला कारवानी किंवा मुधोळही नाही. ते डोळ्यांनी सावज हेरून सुसाट सुटतात आणि त्या क्षणी मालकाची हाक त्यांच्या कानात शिरत नाही. पाखरांमागचा कुत्रा नाकाने काम करतो आणि मध्ये मध्ये मागे वळून माणसाकडे बघतो. घरात रमायला त्याचा हा गुण फार उपयोगी पडतो.

पायरी २ : घराचं वेळापत्रक कागदावर मांडा

“फ्लॅट आहे, मोठा कुत्रा चालेल का?” असं सगळे विचारतात. मला घराच्या मापापेक्षा सकाळी साडेपाचला कोण उठणार, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आठवड्याचे सातही दिवस लिहा. कोण, किती वाजता, किती वेळ फिरवणार? दुपारी घरात कोण असतं? पावसाळ्यात कोण नेणार? मुलं नेतील असं लिहू नका. परीक्षा आल्या की मुलं नेत नाहीत.

रोज मिळून तासभर जमत असेल, तर कॉकर. दीड तास आणि शिवाय घरात खेळ असेल, तर लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन. रोज दोन तास, त्यातही मोकळं धावणं, शेत किंवा फार्महाउस हाताशी असेल, तरच पॉइंटर.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने दोन खोल्यांच्या घरात जर्मन पॉइंटर आणला. देखणा, चॉकलेटी ठिपक्यांचा, स्वभावाने गोड. नवरा-बायको दोघंही नोकरीला. आठ महिन्यांचा होईपर्यंत त्याने सोफ्याचा फोम काढला, दाराची चौकट कुरतडली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दिवसभर गॅलरीच्या जाळीपाशी उभा राहून कबुतरांकडे बघत तो थरथरायचा. मी त्याला एकदा तसं पाहिलं. पाय उचललेला, शेपूट ताठ, डोळे रोखलेले, आणि पुढे काहीच घडायचं नाही. शेवटी त्यांनी तो निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत दिला. तिथे तो बागेच्या ओळींतून धावतो आणि रात्री मुलांच्या खाटेखाली झोपतो. कुत्र्यात काहीही खोट नव्हती, हे मी आजही ठासून सांगते.

पायरी ३ : आपली हवा आणि जातीची दुखणी

लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फाळ पाण्यात जाळी ओढायचे. त्याचे दुपदरी, तेलकट केस त्या पाण्यासाठी आहेत, जळगावच्या मे महिन्यासाठी नव्हेत. म्हणून उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी जमीन निवल्यावर. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर पाच सेकंद ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. केस भादरू नका, ते उन्हालाही अडवतात.

त्याची भूक हा वेगळा विषय आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्रॅडॉरमधला एक जनुकीय बदल दाखवून दिला. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये तो असतो आणि त्याचा संबंध सततच्या भुकेशी आणि वजनाशी आहे. आजी-आजोबा लाडाने चपाती देत असतील, तर त्यांना हे सांगाच. जाड लॅब्रॅडॉरचे खुबे आणि कोपर लवकर जातात, आणि मग तीस किलोचा कुत्रा जिन्यावरून उचलून न्यावा लागतो.

गोल्डनची कहाणी १८६८ सालच्या स्कॉटलंडमधली. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनिएल यांची पिल्लं घेतली, त्यातून ही जात उभी राहिली. लहान मुलांशी वागताना मला तो लॅब्रॅडॉरहून हळुवार वाटतो. पण कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या जुलैत त्याचे लांब केस आतून ओले राहतात आणि त्वचेला जखमा होतात. रोज विंचरायला पंधरा मिनिटं नसतील, तर गोल्डन घेऊ नका.

कॉकरचं नाव वुडकॉक पक्ष्यावरून पडलं. वजन बारा ते पंधरा किलो, फ्लॅटला सोयीचा, आजीच्या मांडीला झेपणारा. त्याचे लोंबते कान मात्र आपल्या दमट हवेत सडके होतात. आंघोळीनंतर कान आतून कोरडे करणं आणि आठवड्याला एकदा वास घेऊन बघणं चुकवू नका. आंबट वास आला की डॉक्टरकडे.

पॉइंटरचे आखूड केस आपल्या उन्हाला त्यातल्या त्यात बरे. गोचिडी मात्र सगळ्यांनाच लागतात, आणि गवतात नाक खुपसणाऱ्या या कुळांना जास्तच. पावसाळ्यात रोज बोटांच्या फटी आणि कानामागची जागा चाचपा.

पायरी ४ : पिल्लाआधी आई बघा

एकाच जातीत कामाची आणि प्रदर्शनाची अशी दोन घराणी असतात. कामाच्या घराण्यातला कुत्रा सडपातळ आणि चपळ, त्याला चैन पडत नाही. प्रदर्शनाचा जाडजूड आणि संथ. कुटुंबासाठी दुसरा सोपा. विकणाऱ्याला थेट विचारा आणि आई दाखवायला सांगा. आई अनोळखी माणसाला बघून लपत असेल किंवा गुरगुरत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत या.

२०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. “पस्तीस दिवसांचं आहे, लवकर लळा लागेल” असं कुणी म्हणालं, तर तो नियमही मोडतोय आणि पिल्लाचं नुकसानही करतोय. भावंडांत राहूनच पिल्लू दात किती जोरात लावायचा, ते शिकतं. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे वेगळे मागा.

पिल्लांसमोर कागदाचा बोळा फेकून बघा. धावत जाऊन, उचलून तुमच्याकडे येणारं पिल्लू शिकवायला सोपं. बोळा घेऊन कोपऱ्यात पळणारंही वाईट नाही, फक्त त्याच्यावर मेहनत जास्त.

हौस ओसरल्यावर सोडून दिलेले मोठे लॅब्रॅडॉर आणि कॉकर प्राण्यांच्या निवाऱ्यांमध्ये नेहमी असतात. तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांनी हा मार्ग आधी बघावा, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ५ : त्याला त्याचं काम द्या

जुन्या मोज्यात चिंध्या भरून गाठ मारा. आधी हॉलमध्ये फेका आणि आणायला लावा. मग दाराआड, पलंगाखाली लपवा आणि “शोध” म्हणा. दहा मिनिटं नाकाने शोधून कुत्रा जितका थकतो, तितका अर्धा तास साखळीला बांधून चालवून थकत नाही. आणलेली वस्तू हिसकावू नका, बदल्यात खाऊ द्या. चोरलेली चप्पल घेऊन त्याच्यामागे धावलात, तर त्याचा खेळ सुरू झाला असं समजा. शिट्टीवर परत येणंही तिसऱ्या महिन्यापासून, रोज जेवणाच्या वेळी शिकवा.

माळावर किंवा तलावाकाठी नेताना दहा मीटरची लांब दोरी लावा. भिगवण, नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणपक्ष्यांच्या जागी तर कुत्रा नेऊच नका. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते. ती आपल्याला दिसत नाहीत, पण कुत्र्याचं नाक त्यांच्यापर्यंत पोचतं. डोक्यावर घिरट्या घालत टिटवी ओरडायला लागली, की घरटं जवळच आहे. शिट्टी वाजवा, दोरी आखूड करा आणि आल्या वाटेने मागे फिरा.