साठवलेल्या आरओ पाण्याचा टीडीएस का वाढत होता

फिशटँकसाठी साठवलेल्या आरओ पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) सतत जास्त दिसायचा, शिवाय कॅनला आतून बुळबुळीत थर धरायचा. मेम्ब्रेन (आरओ यंत्रातला क्षार अडवणारा पडदा) बदलण्याआधी थेट नळीतून येणारं पाणी थोड्या थोड्या वेळाने मोजलं आणि कोडं सुटलं. यंत्र बंद असताना क्षार मेम्ब्रेनमधून हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात. त्यामुळे सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी बरंच क्षारयुक्त असतं. रोज थोडं थोडं भरलं की साठ्यात नेमकं तेच जमतं. आता एकदाच भरपूर भरतो, सुरुवातीचं पाणी झाडांना देतो. मेम्ब्रेन जुनीच आहे, उत्तम चालते.

बुळबुळीसाठी पारदर्शक कॅन काढून फूड ग्रेड एचडीपीई प्लास्टिकचा अपारदर्शक, झाकणाचा ड्रम घेतला. कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे साठ्यात जंतूंना अडवणारं काही उरत नाही. उजेड मिळाला की शेवाळही येतं. ड्रम रिकामा झाला की घासून, पूर्ण वाळवूनच पुन्हा भरतो. पितळी तोटी मात्र नको, त्यातलं तांबं कोळंबीला घातक.

साठ्यात खनिजं घालत नाही. पाणी बदलायच्या आदल्या दिवशी लागेल तेवढंच बादलीत काढून जीएच-केएच (पाण्याचा एकूण आणि कार्बोनेट कठीणपणा) वाढवणारी खनिजं मिसळतो, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडतो आणि तापमान टँकइतकं आणतो. नुसत्या आरओ पाण्याचा पीएच मोजत बसू नका. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे क्षार, नसल्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही तो 6 च्या खाली जातो. खनिजं विरघळल्यावरचा आकडाच खरा.