हर्णै बंदर फक्त तीन रंगांत

कोकणातल्या हर्णैला पहिल्यांदा वॉटरकलर घेऊन बसलो तेव्हा दिसलं ते सगळं तसंच लावलं, निळ्या लाँचेस, भगवे बावटे, हिरवी जाळी, आणि घरी येऊन बघतो तर बंदर कसलं, जत्रेतलं खेळण्यांचं दुकान. आता पेटीतून तीनच रंग काढतो, अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि येलो ऑकर (मातकट पिवळा). काळा अजिबात नको. पहिले दोन मिसळले की मस्त करडा मिळतो, निळा जास्त झाला तर ढग, सिएना जास्त झाला तर ओली पुळण, शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात ते बंदरातल्या गढूळ पाण्यासारखेच दिसतात.

पेपर ३०० जीएसएम म्हणजे चांगला जाड, रफ म्हणजे खरखरीत, ११ बाय १५ इंच पुरे, चारी बाजूंनी टेप लावा. मग डोळे बारीक करून बघा, एकेक होडी काढायच्या भानगडीत पडू नका, सगळ्या गर्दीचा मिळून एकच आकार दिसला पाहिजे.

आकाश आणि पाणी एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका थरात, आणि ओलं असतानाच लांबच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा रंग त्यात सोडायचा म्हणजे कडा विरघळतात. इथे एक गोची आहे, पुण्यात दहा मिनिटांत वाळणारा वॉश इथल्या दमट हवेत बराच वेळ ओला राहतो, म्हणून हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागला तर थांबा, चहा घ्या.

मग होड्या, एकमेकींत मिसळलेल्या, घट्ट गडद रंगात, केबिनच्या टपांवर कोरा कागद ठेवून. डोलकाठ्यांना जुन्या एटीएम कार्डाची कड रंगात बुडवून ठसा मारतो, ब्रशपेक्षा भारी येतं. मासे आणायला पाण्यात उतरलेली बैलगाडी असेल तर चाकाचा वरचा अर्धा भाग काढा, खालचा पाण्यात जाऊ दे.

मागे उभा एक नाखवा म्हणाला, ‘माझी होडी निळी हाय, काळी कशाला केलीत?’ काय सांगणार. पण शेवटी सिएना-ऑकरचा घट्ट ठिपका एका बावट्यावर ठेवला तर आजूबाजूच्या करड्यामुळे तो चक्क भगवा दिसला, तो मात्र त्याने लगेच ओळखला.

टेप पूर्ण वाळल्यावरच काढा हां, घाई केली म्हणून माझ्या एका चित्राची कड फाटली, ती माउंटखाली, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली लपवलीय.