समुद्र आणि कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग: प्रदर्शनीत या चुका टाळा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनीत एखाद्या तरी टेबलावर ‘समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषतो’ हा प्रयोग मांडलेला असतोच. ग्लासात पाणी, पाण्यात दर्शक (आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य), स्ट्रॉने फुंकर आणि मागे थर्माकोलचा निळा समुद्र. अकोल्या-बुलढाण्याच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसला तरी विषय दमदार आहे. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र ओढून घेतो. अडचण एवढीच की प्रयोग ऐन परीक्षकांसमोर फसतो, आणि फसला नाही तर तो समजावताना घोळ होतो.

शाळेच्या बोअरचं पाणी

सगळ्यात जास्त तक्रार हीच. “सर, केव्हाचा फुकून राहिलो, रंग बदलूनच नाही राहिला!” पाणी कुठलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: बोअरचं. खारपाणपट्टा सोडा, इतरत्रही आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. फुंकरीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होतं, पण हे बायकार्बोनेट सामू (pH; जितका कमी तितकं पाणी आम्लाकडे) फारसा घसरू देत नाही. ब्रोमोथायमॉल ब्लू हा निळा दर्शक पिवळा व्हायला सामू ६ च्या आसपास यावा लागतो. बोअरच्या पाण्यात तो ७ जवळच अडकतो आणि रंग हिरवटावर थांबतो.

उपाय सोपा आहे. आरओच्या कॅनचं पाणी घ्या, नाहीतर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर. थोड्याच फुंकरीत रंग पालटेल.

पण बोअरचा ग्लास फेकू नका, शेजारीच ठेवा. माझ्या मते खरा समुद्र त्याच ग्लासात आहे. समुद्रात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनपैकी जवळपास ९० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात असतो. मोकळा कार्बन डायऑक्साइड १ टक्काही नसतो. म्हणूनच हवेतल्या कार्बनच्या सुमारे ५० पट कार्बन समुद्र पोटात ठेवू शकतो. आता पोरं हमखास चुकतात ते इथे: “म्हणजे समुद्राला काही फरक पडत नाही.” पडतो. औद्योगिक काळाआधी पृष्ठभागाचा सामू ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. माती परीक्षणाच्या अहवालात ०.१ चा फरक कोणी बघणारही नाही, पण सामूची मोजपट्टी दसपटीची असल्यामुळे हायड्रोजन आयन २५-३० टक्क्यांनी वाढले आहेत. शिवाय ही शोषणाची ताकद वाटते तेवढी नाही. १९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स सुएस या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांनी वाढला, तर समुद्राच्या वरच्या थरातला एकूण कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो.

नुसती हळद

हळदीच्या पाण्यात कितीही फुंका, ते पिवळंच राहणार. हळद आम्लात रंग बदलत नाही, अल्कलीत लाल होते. आधी चिमूटभर खायचा चुना घालून ती लाल करा, मग फुंका. ती परत पिवळी होते.

निवळी दुधाळ झाली आणि पुन्हा स्वच्छ झाली

चुन्याच्या निवळीत फुंकलं की ती दुधाळ होते, हे सगळ्यांना पाठ असतं. पोरगं उत्साहात फुंकतच राहतं आणि दुधाळपणा गायब होतो. मग घाईघाईत नवी निवळी ओतली जाते. ओतू नका! आधी तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडबरोबर मिळून विरघळणारं बायकार्बोनेट होतं. समुद्रातही वाढलेला कार्बन डायऑक्साइड असाच कार्बोनेट खाऊन टाकतो, आणि शंख-प्रवाळांना कवच बांधायला ते कमी पडतं.

तीच स्वच्छ झालेली निवळी तापवा. पुन्हा गढूळ होईल. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी बसतो तो पांढरा थर असाच तयार होतो: दोन बायकार्बोनेटमधून एक कार्बोनेट खाली बसतं आणि एक कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यामुळे ‘शिंपले कवच बनवून कार्बन डायऑक्साइड संपवतात’ हे तक्त्यावरचं वाक्य खोडा. कवच बनताना तो पाण्यात सुटतो.

आणि हो, निवळी तोंडात ओढली जाऊ नये म्हणून स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडा. चुना डोळ्यांपासून लांब ठेवा.

सोड्याच्या बाटलीवरचा फुगा

गरम पाण्यात विरघळलेला वायू कमी टिकतो हे दाखवायला सोड्याच्या दोन बाटल्यांवर फुगे लावतात, एक थंड पाण्यात, एक गरम पाण्यात. कल्पना बरोबर आहे; ० अंशाच्या पाण्यात २५ अंशापेक्षा दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळतो. पण बाटलीतली हवाही तापून फुगते, आणि चाणाक्ष परीक्षक तेच विचारतो. साध्या पाण्याची तिसरी बाटली गरम पाण्यात ठेवा, म्हणजे फरक दिसेल.

एकाच दिशेचा बाण

तक्त्यावर हवेतून समुद्राकडे एकच जाड बाण काढलेला असतो. प्रत्यक्षात दरवर्षी सुमारे ८० अब्ज टन कार्बन समुद्रात जातो आणि जवळपास तेवढाच बाहेर येतो. आत उरतो तो २-३ अब्ज टनांचा फरक. उत्तर अटलांटिकचं थंड, खाली बुडणारं पाणी घेणारं आहे. आपला अरबी समुद्र मात्र वर्षाचा हिशोब केला तर देणारा निघतो. ज्या नैऋत्य वाऱ्यांकडे डोळे लावून आपण पेरणी थांबवतो, तेच वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याजवळ खोलातलं कार्बनने भरलेलं पाणी वर आणतात, आणि वर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो. दोन बाण काढा, आणि अरबी समुद्रावर हवेकडे जाणारा बाण जाड ठेवा.