सतरा वर्षांनी दातांच्या डॉक्टरकडे जाताना

आमची पिठाची गिरणी आहे, कराडपासून अर्ध्या तासावर. दिवसभर दगडाची घरघर, शेजारच्याने ओरडून सांगितलं तरच ऐकू येतं. पण दातांच्या दवाखान्यातल्या त्या बारक्या मशीनचा चिरका आवाज बाहेरच्या बाकावर कानी आला की माझ्या तळहाताला घाम सुटायचा. २००७ साली एक दाढ काढली, त्यानंतर खुर्चीत बसलो तो २०२४ साली. मधली सतरा वर्षं डाव्या बाजूने जेवलो. ऊस सोडला, हुरडा सोडला, शेंगदाणे खायचे तर कूट करून. आता सहा वेळा जाऊन आलोय. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, दळण ठेवताना गालाला हात लावून उभे असतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी स्वतःची भीती नीट ओळखा. २००७ साली एका दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर दोनच मिनिटांत पकड लावली. मला सगळं कळत होतं. मी हात वर केला, तर "झालंच, झालंच" म्हणत तो खाली दाबला. पुढे मी सगळ्यांना सांगायचो की मला दुखण्याची भीती वाटते. ते खरं नव्हतं. गिरणीच्या पट्ट्यात बोट सापडून नख गेलं तेव्हा मीच फडकं गुंडाळून गाडी मारत दवाखान्यात गेलो होतो. दुखणं सोसतं मला. माझी भीती होती ती 'थांबा' म्हणता न येण्याची. हे कळल्यावर काय मागायचं ते कळलं.

आत्ताच्या डॉक्टर मॅडमनी मला पाच प्रश्नांचा एक कागद दिला होता. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हटलं तर कसं वाटेल? बाहेर नंबरची वाट बघताना? दात कोरायचं मशीन लावणार असतील तर? दात साफ करणार असतील तर? हिरडीत इंजेक्शन देणार असतील तर? प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ म्हणजे भयंकर. एकूण २५ पैकी १९ किंवा जास्त आले तर भीती मोठी समजतात. माझे २१ आले. पण खरा उपयोग बेरजेचा नाही, कुठे ५ पडले ते बघायचा. मला वाट बघण्याला ५ आणि इंजेक्शनला ५ होते, मशीनला ४. मग उपायही त्याच दोन ठिकाणी करायचा. घरी बसून पेन्सिलीने हे करता येतं, कोणाला दाखवावंही लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुखत नसताना जा. आपण भित्री माणसं नेमकं उलटं करतो. गाल सुजून रात्रभर घरात येरझाऱ्या घालायची वेळ आली की मग जातो. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे भुलीचं औषध नीट काम करत नाही. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त दुखतंय तेव्हाच भूल सगळ्यात कमी चढते, माणूस कळवळून घरी येतो आणि म्हणतो, "बघा, मी म्हणत होतो ना." माझं २००७ साली हेच झालं होतं, चार दिवस सुजलेला गाल घेऊन गेलो होतो. दाढ शांत असते तेव्हा तेच इंजेक्शन झकास लागतं.

जायच्या आधी फोन करा, आणि फोनवरच खरं सांगून टाका. माझं वाक्य मी पाठ केलं होतं: "मॅडम, मी सतरा वर्षं कोणाकडे गेलेलो नाही. मला भीती वाटते. पहिल्या दिवशी फक्त बघा, काही करू नका." एवढंच. समोरून "बरं, या" आलं तर जा. "त्यात काय घाबरायचं, लहान आहात का?" आलं तर फोन ठेवून दुसरा नंबर लावा. मी पहिल्या ठिकाणी असंच ऐकलं आणि दुसरीकडे गेलो. फोनवर बोलायला जीभ रेटत नसेल तर व्हॉट्सॲपवर लिहा, नाहीतर लेकीला बोलायला सांगा.

वेळ सकाळची पहिली मागा. बाहेर बसून दुसऱ्याचं मशीन ऐकायला नको, आणि दिवसभर मनाशी कुढायला नको. उपाशी जाऊ नका. साध्या इंजेक्शनसाठी उपाशी राहावं लागत नाही, उलट रिकाम्या पोटी चक्कर येते. मी भाकरी-दूध खाऊन गेलो. बीपीची, साखरेची गोळी रोजच्या वेळेला घ्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करायची गोळी कोणी गावात सांगितलं म्हणून आपणहून बंद करायची नाही. ते दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर आपसांत ठरवतील. "धीर यावा म्हणून" दोन पेग मारून जाणारा एक आमच्या गल्लीत आहे. मॅडमनी त्याला दारातूनच परत पाठवला.

मला तिथला वासही सहन होत नसे. तो वास बराचसा लवंगेच्या तेलाचा असतो, दातात भरायच्या एका सिमेंटमध्ये त्याचाच अंश असतो. आमच्या हिने त्यावर उपाय काढला. गवती चहाची दोन पाती चुरगळून रुमालात बांधून दिली. आत शिरल्यावर रुमाल नाकाशी धरला. हसू नका, बाकावरची दहा मिनिटं त्यावर निघाली.

पहिल्या भेटीत मॅडमनी आरसा आणि एक बारीक सळई, एवढंच वापरलं. मग एक एक्स-रे. दोन्ही गालांच्या आतून आणि जिभेखाली नीट बघितलं, तोंडात तीन बोटं उभी जातात का तेही. मी बारा वर्षं तंबाखू-चुना खाल्लेला माणूस, ते लपवून चालणार नव्हतं. तुम्हीही लपवू नका, मिश्रीसुद्धा सांगा. गालाच्या आत पांढरा चट्टा असेल किंवा तोंड कमी उघडत असेल तर तो कीडलेल्या दातापेक्षा मोठा विषय आहे. मला वाटलं होतं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "काका, आलात ना, बास." आणि कागदावर तीन कामं लिहून दिली, सोपं काम आधी: दात साफ करणं, मग एक दात भरणं, मग उजवीकडच्या खालच्या दाढेची राहिलेली मुळं काढणं. प्रत्येकासमोर पैसे. २०० रुपये तपासणीचे देऊन मी घरी आलो. त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि हेच झालं ते फार बरं झालं.

हाताची खूण पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आमचं ठरलं: डावा हात वर केला की मशीन बंद. खुर्चीच्या उजवीकडे डॉक्टर असतात, म्हणून हात डावा. पण नुसतं ठरवून भागत नाही, काही दुखत नसताना ती खूण वापरून बघायची. दात साफ करायला सुरुवात झाल्यावर अर्ध्या मिनिटात मी मुद्दाम हात वर केला. आवाज थांबला. मॅडमनी हात मागे घेतले, मास्कवरून माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. मी थुंकलो, पाणी पिलो, परत मान टेकवली. पुढच्या वीस मिनिटांत मला दोनदाच हात वर करावा लागला. सतरा वर्षांची गाठ तिथे सैल झाली.

साफ करण्याबद्दल एक गैरसमज घराघरात आहे: त्याने दात हलतात, फटी पडतात. फट आधीपासून असते, तिथे कीटण साचून दगड झालेलं असतं. ते निघालं की जीभ त्या मोकळ्या जागेत जाते आणि आपल्याला वाटतं डॉक्टरांनी दात घासून बारीक केले. गिरणीच्या दगडाला टाकी लावतो तेव्हा नवीन गिऱ्हाईक असंच म्हणतं, दगड झिजवला. टाकी लावली नाही तर पीठ गरम पडतं, हे त्याला कोण सांगणार. दोन-चार दिवस गार पाणी झोंबतं, हिरडीतून थोडं रक्त येतं, मग बसतं. वरची दाढ काढली की नजर जाते, हेही तसलंच. आमच्या आत्याने त्या भीतीने दाढ ठेवली आणि शेवटी चष्मा लागलाच.

आता इंजेक्शन. मॅडमनी आधी हिरडी कापसाने कोरडी केली आणि हिरडी बधिर करणारं कडवट चवीचं जेल लावून दोन मिनिटं थांबल्या. हे जेल मागून घ्या, घाईत काही ठिकाणी राहून जातं. सुई मला दाखवू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी गाल दोन बोटांत धरून हलवला आणि त्या हालचालीत सुई गेली. मुंगी चावल्यासारखं वाटलं, मग दाब. औषध हळूहळू सोडतात तेव्हा कमी झोंबतं, म्हणून "सावकाश द्या" हे सांगायला लाजू नका. मग छातीत धडधड सुरू झाली. मला वाटलं, गेलो. त्या म्हणाल्या, भुलीच्या औषधात थोडं ॲड्रेनालिन असतं, भूल जास्त वेळ टिकावी म्हणून. त्याने कधीकधी काळीज धडधडतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत उतरतं. तसंच झालं. आधी कळलं असतं तर एवढा घाबरलो नसतो, म्हणून तुम्हाला सांगितलं.

खालच्या मागच्या दाढेची भूल चढायला वेळ लागतो. अर्धा ओठ आणि अर्धी जीभ सुजल्यासारखी जड झाली पाहिजे. तोवर काम सुरू करू द्यायचं नाही. मॅडमनी सळईने हिरडी टोचून विचारलं, "टोचतंय की नुसतं दाबल्यासारखं?" हा फरक समजून घ्या. भूल दुखणं घालवते, दाब घालवत नाही. दाढ काढताना जबडा ढकलल्यासारखा वाटतो, कानाशी करकर वाजतं, आणि तरी दुखत नाही. ज्याला हे माहीत नसतं तो दाबालाच दुखणं समजून ताठ होतो. टोचतंय असं वाटलं तर सांगा, अजून औषध देतात.

सुई बघून चक्कर येणारे असाल, मी आहे, तर नुसते मोठे श्वास घेऊन उपयोग होत नाही. अशांचा रक्तदाब एकदम खाली जातो. डोळ्यांपुढे येतंय असं वाटलं की मांड्या, पोट, दंड घट्ट आवळायचे, दहा-पंधरा सेकंद, मग अर्धा मिनिट ढिले, असं चार-पाच वेळा. शिवाय खुर्ची आडवी करायला सांगायची. बाकी ज्यांना नुसती धडधड होते त्यांनी श्वास सोडायला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावावा. नाकाने चार आकडे आत, आठ आकडे बाहेर.

एवढं करूनही जमत नसेल तर मोठ्या शहरांत नाकावाटे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भीती कमी करणारा 'हसवणारा वायू', देणारे दवाखाने आहेत, चौकशी करा. त्या वायूखाली १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स यांनी स्वतःची दाढ काढून घेतली होती, आणि ते स्वतः दातांचे डॉक्टर! पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. शिकणारी मुलं काम करतात, वर प्राध्यापक असतात. वेळ जास्त जातो.

आणि बाजारात दातातली कीड काढून दाखवणाऱ्यांकडे जाऊ नका. मी गेलोय. त्याने कानाशी नळी धरली, फुंकर मारली, आणि वाटीत दोन पांढऱ्या अळ्या दाखवल्या. दातात अळ्या नसतात, 'कीड' हा आपला नुसता शब्द आहे. वेदनेची गोळी हिरडीवर दाबून धरायची सवयही सोडा, तिथली कातडी भाजते.

दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास चावून धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, तंबाखू-विडी नाही. थुंकलं की जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघते आणि मग खरं दुखणं सुरू होतं. ओठ बधिर असेतो गरम चहा नको, मी ओठ चावून घेतला होता. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या.

एका बाबतीत मात्र यातलं काही पाळत बसू नका. गाल किंवा जबड्याखाली सूज आणि ताप, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतोय, तर फोन, कागद, पहिली वेळ सगळं बाजूला. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

निघताना पुढची तारीख तिथेच घ्या, घरी येऊन घेऊ म्हटलं की राहते. माझी सहा महिन्यांनंतरची तारीख गिरणीच्या भिंतीवर खडूने लिहिलीय, उधारीच्या शेजारी. उजवीकडे आता चावता येतं, पण सवय लागायचीय. शेंगदाणा तोंडात टाकला की जीभ अजून तो डावीकडेच ढकलते.