दुसऱ्या रविवारी काय दाखवायचं?

फिल्म क्लबमध्ये माझी भरती झाली ती खुर्च्या मांडायला. कॉलेजात होतो, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल महिन्याच्या दुसऱ्या रविवारी क्लबला मिळायचा आणि खिडक्यांना काळे पडदे लावायला उंच माणूस हवा होता. तीन वर्षांनी कार्यक्रमाची वही माझ्या हातात आली. 'आता तू ठरव.' आज कुणी नवीन मुलगा-मुलगी 'मला प्रोग्रॅमिंग करायचंय', म्हणजे कुठले चित्रपट कधी लावायचे ते ठरवायचंय, म्हणत येते, तेव्हा मी आधी खुर्च्याच मांडायला लावतो. कोण कुठे बसतं, कोण मध्यंतरात चप्पल शोधायला लागतं, हे तिथूनच दिसतं.

माझी पहिली सहामाही मी अगदी अभ्यास करून आखली. सगळे जगन्मान्य चित्रपट, सगळे संथ, सगळे दुःखी. पहिल्या खेळाला साठ-सत्तर माणसं होती, चौथ्याला अकरा. त्या अकरांतले एक निवृत्त काका जिना उतरताना म्हणाले, "सिनेमे चांगलेच आहेत रे, पण दर महिन्याला मयताला आल्यासारखं वाटतं." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तेव्हा कळलं की चांगल्या चित्रपटांची यादी कुणीही करेल. प्रश्न शेजाराचा असतो, कुठल्या चित्रपटाशेजारी कुठला लावायचा याचा. १९५२ साली भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात इटलीचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) दाखवला गेला. तो पाहून बिमल रॉय भारावले आणि १९५३ मध्ये 'दो बिघा जमीन' आला. आम्ही हे दोन्ही लागोपाठच्या महिन्यांत लावले. सायकल चोरीला गेलेला बाप आणि कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा बाप, दोघांबरोबर एकेक पोरगा. दुसऱ्या चित्रपटानंतर चर्चा मला सुरू करावीच लागली नाही. एरवी 'छायाचित्रण छान होतं' एवढंच बोलणारी माणसं त्या दोन पोरांवरून भांडत होती.

मग एकाला जोडून दुसरं असं सुचत गेलं. पावसाळ्यात माहितीपट, कारण जून-जुलैत माणसं कमी येतात आणि कमी माणसांत दिग्दर्शकाशी गप्पा छान रंगतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी चित्रपट. त्यात एकदा फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) लावला. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलंय, हे आधी सांगितल्यावर पोरी पुढे सरकून बसल्या. मूकपट म्हणून नुसता शांततेत लावू नका. त्या काळीही पडद्यापाशी वाजवणारे बसत. आम्ही भजनी मंडळातले पेटी-तबलावाले बोलावले. नागाच्या प्रसंगात तबलजींनी अशी काही लय वाढवली की त्यांना दोनदा 'वन्स मोअर' मिळाला, चित्रपटाला नाही.

मुलांना इराणी चित्रपट दाखवताना मात्र इंग्रजी सबटायटल्सचा अडथळा आला. वाचेपर्यंत ओळ निघून जाते. एका शिक्षिकेनं मराठीत संवाद लिहून काढले आणि माइकवरून वाचले, नाटकीपणा न करता, थोडं हळू आवाजात. ही युक्ती मी आजही वापरतो. आज्यासुद्धा खूश असतात.

तांत्रिक भागात मी एकदा सपशेल तोंडावर पडलोय. सबटायटल्सची फाइल वेगळी आणली होती, सुरुवातीच्या दोन-चार ओळी तपासल्या, जुळत होत्या. पण फाइल सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) प्रतीसाठी बनवलेली आणि आमची प्रत २५ ची. फरक वाढत जातो, तासाभरात जवळपास अडीच मिनिटं. नायिका रडतेय आणि खाली मघाच्या लग्नातले विनोद. एकदा पुढे-मागे सरकवून हे सुटत नाही, वेगच बदलावा लागतो. म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवटची दहा मिनिटं, तिन्ही आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर बघा. जुन्या, चौकोनी चित्राच्या चित्रपटात माणसं बसकी, रुंद दिसत असतील तर प्रोजेक्टरनं चित्र ताणलंय, ते आधी बंद करा.

परवानगीचंही सांगतो, कारण नवीन मंडळी इथेच बिनधास्त असतात. घरच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये चित्रपट दाखवता येत नाही, ते खातं घरापुरतं. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला पत्र लिहायचं. मोठ्या कंपन्या रखडवतात. लघुपट-माहितीपटवाले मात्र आपणहून फोन करतात आणि जमलं तर येतातही. जर्मन, फ्रेंच चित्रपटांसाठी मॅक्स म्युलर भवन, आलियाँस फ्रान्सेज यांच्याकडे विचारून बघावं.

शिकायचं कुठे, असं विचारतात. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा उन्हाळ्यातला रसास्वाद वर्ग जमला तर करा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून चालू आहे, तिथे प्रेक्षक म्हणून जाऊन बसा. हे करून नोकरी लागेल का? महोत्सवांच्या कामात आमच्यातल्या दोघी गेल्या, तिसरा बँकेत आहे आणि रविवारी प्रोजेक्टर सांभाळतो. पैसे फारसे नाहीत.

वहीत मी प्रत्येक खेळानंतर तीनच गोष्टी लिहितो. किती आले, मध्यंतरात किती गेले, चर्चेत पहिला प्रश्न कुणी विचारला. पुढच्या महिन्याच्या पानावर एक स्वीडिश चित्रपट आहे, संथ आणि बऱ्यापैकी दुःखी. काकांना अजून सांगितलेलं नाही.